साव खनचा हात

"माझा हात लागला की भट्टी खोटं बोलत नाही." कुणी विचारो न विचारो, साव खन हे ऐकवायचाच. ऐकवताना समोरच्याकडे असा बघायचा, जणू त्यानंच भट्टीला खोटं बोलायला शिकवलं होतं.

मांग थितच्या कालव्याकाठी विटांच्या घुमटभट्ट्या रांगेनं उभ्या. त्यातल्या एकीचा तो मिस्त्री. भाताचा तूस जाळता जाळता म्हातारा झाला. भुवया केव्हाच जळाल्या, तळहात रेड्याच्या कातड्यासारखा झाला. आग विझल्यावर विटांनी बुजवून लिंपलेलं दार कधी फोडायचं, ते हा तळहात ठरवायचा. पहिली वीट काढायचा मान त्याचाच. भाऊ वारला, भट्टी दाओवहिनीकडे आली, तरी त्या मानाला कुणी हात घातला नव्हता.

मग वहिनीची लेक थोआ शहरातून शिकून आली आणि तिनं घुमटाच्या भोकातून तापमापकाची लांब सळई आत सोडली. तेव्हापासून काका-पुतणीत विस्तव जात नव्हता.

नवं वर्ष तोंडावर आलं होतं. उत्तरेचा गार वारा सुटलेला, विटा न्यायला होडी घाटाला लागलेली. सावनं दाराला हात लावला.

"झाली गार! भट्टीदेवीचं बदक उकडायला टाका."

"दार गार झालंय, काका. पोट तापलेलंच आहे," थोआ म्हणाली.

"सुरुवातीला उष्णता कशी भराभरा उतरली! त्याच चालीनं आता संपली. वर हा वारा."

"चाल तीच राहत नाही. आत-बाहेरचा फरक मोठा, तोवर उष्णता धावते. फरक कमी होत गेला की रेंगाळते. वाऱ्यानं नुसती वरची कातडी गार केलीय. आत्ता उघडलंत तर विटा तडकतील."

"उष्णता काय सासरी निघालेली पोर आहे, घर जवळ आलं की पाय ओढायला? पण तुला कुठून ठाऊक असणार! तुला नेतोय कोण?"

मजूर खिदळले. थोआचा चेहरा लाल झाला.

"तुमचा हात मेलाय, काका. मेलेल्या कातड्याला चटका कळत नाही."

हसणं थांबलं. दाओनं विचारलं, "भावजी, चुकलात तर?"

"चुकलो तर पुन्हा या दाराला हात लावणार नाही!"

बदक देवीपुढे ठेवलं, उदबत्त्या लावल्या. सावनं पहारीनं पहिली वीट उपसली, मग दुसरी. वारा भोकातून आत घुसला. क्षणभर काही नाही. मग आत, खोल, टक्. पुन्हा टक्. मग तव्यावर मका फुटावा तसा सगळा ढीग तडतडू लागला.

"मातीच हलकी होती!" साव ओरडला. "वहिनी, तू माती स्वस्तातली घेतलीस!"

"माती तुम्हीच निवडली होतीत, भावजी," दाओ म्हणाली. "पहार ठेवा खाली."

त्यानं पहार ठेवली नाही, थोआच्या पायाशी फेकली. "घे. दे तुझ्या सळईला मान!" आणि थुंकून तो कालव्याच्या वाटेला लागला. बदकाचा घास घेऊन जा, असं कुणी म्हणालं नाही.

शेजारच्या भट्टीपाशी त्याचा हात सवयीनं दाराकडे उचलला गेला. अर्ध्यावरच त्यानं तो मागे घेतला, खिशात कोंबला आणि चालू लागला. मजूर फुटक्या विटांकडे बघत होते. त्याच्याकडे एकटी थोआ बघत होती, आणि तिनं हाक मारली नाही.