माझा पाय नापास, विहीर पास

"हा नारू आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

समोर माझे फिटनेस सर्टिफिकेट होते. म्हणजे हा मनुष्य नोकरीस शरीराने लायक आहे, असा दाखला. त्यावर सही झाली की महाडच्या कचेरीत अव्वल कारकुनाची जागा मला कायम मिळणार होती. बारा वर्षे मी त्या जागेची वाट पाहिली होती.

"घोट्यावर साधा फोड आहे," मी म्हणालो.

"साध्या फोडातून दोरा लोंबत नाही, कारकूनसाहेब. हा गिनी वर्म. पूर्ण निघेपर्यंत मी फिट लिहू शकत नाही."

गिनी वर्म म्हणजे नारू. डॉक्टरांनी समजावले ते असे. विहिरीच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा असतो. पाण्यावाटे तो पोटात गेला की त्याच्या अंगातले नारूचे पिल्लू आपल्या शरीरात वर्षभर वाढते, हातभर लांब होते आणि बहुधा पायातून बाहेर येते. तो पाय पुन्हा विहिरीत बुडाला की नारू हजारो पिल्ले पाण्यात सोडतो. मी महाडास खोली घेऊन राहत असे, पण दर रविवारी पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीला जात असे. वाडीची विहीर पायऱ्यांची. सगळे पाण्यात उतरून घागरी भरतात.

ज्यांना हा रोग होईल त्यांना सांगतो, नारू ओढू नका. बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळावे आणि रोज सहज येईल तेवढेच काढावे. तुटला तर पाय पिकतो. माझा नारू पत्नीने काढला. रोज सकाळी ओले फडके लावून ती काडी फिरवी. मी कण्हलो की म्हणे, "हलू नका हो. मी गुंडाळतेय, ओढीत नाय."

घोट्यातला निघाला आणि गुडघ्याखाली दुसरा आला.

दोन महिन्यांची मुदत मागणारा माझा अर्ज कचेरीने फेटाळला. फिरतीस अयोग्य, एवढाच शेरा. जागा मिळाली ती मीच कामाला तयार केलेल्या माणसाला.

मला संताप आला तो निराळ्याच गोष्टीचा. माझा पाय तपासून नापास केला, पण ज्या विहिरीने तो तसा केला तिला कोणी तपासले नाही. पटकी, देवी, ताप, गुरांचे रोग, सगळ्यांची पत्रके मी स्वतः भरून वर पाठवली होती. नारूचा रकानाच त्यांत नव्हता. आमच्या वाडीत दर उन्हाळ्यात माणसे खाटेला खिळत होती आणि सरकारदरबारी ती ठणठणीत होती.

देवळात मी रीत म्हणून जात असे. माझी खरी श्रद्धा त्या खुर्चीवर होती, हे मला अंथरुणावर पडल्यावर कळले. ती गेल्यावर धरायला काही उरले नाही.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पायऱ्या बुजवा. रहाट बसवून वरून पाणी काढा. कोणाचा पाय पाण्याला लागला नाही की नारू संपला."

मी वाडीची बैठक बोलावली. देवीचा गुरव उसळला. "आई त्या पायऱ्यांनी न्हायला उतरते, अण्णा! तुमचा पाय गेला म्हणून तिची वाट बंद करायची?"

मागून कोणीतरी म्हणाले, "खुर्ची गेली, आता विहीर धरलीन!" सगळे हसले.

शेवटी कौल लावायचे ठरले. आमच्याकडे देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. गुरवाने विचारले, "आई, तुझ्या पायऱ्या बुजवू काय?" डावी गळली.

मी रागाने उठलो. तेवढ्यात पत्नी पुढे झाली. "आता माझं विचारा. आये, आम्ही नारूचे पाय बुडवतो त्याच पाण्यात तू न्हातेस. तुला वरच्या वर ताजं पाणी काढून दिलं तर चालंल काय गो?"

उजवी गळली.

मी कौल मानणारा नव्हे. पण पाकळी गळेपर्यंत मी तिच्यावरून नजर हलवली नाही, हे लपवणार नाही.

पायऱ्या दगडांनी बुजवल्या, रहाट बसला. पुढच्या उन्हाळ्यात वाडीत पुन्हा नारू निघाले. लोक पहारी घेऊन आले. "आई कोपली! पायऱ्या उघडा!"

"हा गेल्या सालच्या पाण्याचा नारू आहे," मी सांगितले. "तो अंगात वर्षभर वाढतो."

"आनि पुढल्या साली निघाला तर रे अण्णा?"

"तर पहिली पहार मी घालीन."

माझ्या हाती डॉक्टरांच्या शब्दाखेरीज काही नव्हते. दिसत होते ते सगळे माझ्या विरुद्ध होते. त्या वर्षी मी कचेरीत जुन्या जागेवरही परतलो नाही. दिवसा वाड्यावाड्यांतून पाणी गाळून प्या म्हणून सांगत फिरलो आणि संध्याकाळी देवळात बसलो. मागितले काही नाही. दिसत नसलेल्या गोष्टीवर उभे राहायला मी तिथे शिकलो. श्रद्धा म्हणतात ती हीच असावी.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीत एकही नारू निघाला नाही. डॉक्टरांचे आणि पत्नीचे उपकार मी विसरणार नाही.

पण संताप गेलेला नाही. महारवाड्यातल्या बायकांना आजही त्या रहाटाला हात लावू देत नाहीत. त्या नदीकाठी खड्डा खणून वाटीवाटीने पाणी भरतात. महाडच्या तळ्यावरून एवढे घडले, तरी आमची वाडी जागची हललेली नाही. परवा बैठकीत मी विषय काढला. गुरव म्हणाला, "कौल लावू, अण्णा."

"लावायचा नाही," मी म्हणालो. "आपण नारूचे पाय बुडवले तेव्हा पाणी बाटले नाही. त्यांच्या घागरीने कसे बाटेल? यात देवीला विचारण्यासारखे काही नाही. उत्तर तुम्ही द्यायचे आहे."

मंडळी उठून गेली. गुडघा आखडल्याने मला उठायला वेळ लागतो, म्हणून मी बसूनच राहिलो. पुढची बैठक मी सोमवारी बोलावली आहे.