गणित कच्चं आहे तिचं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये डबा खाल्ला त्या बायकांनाही नाही. लपवून ठेवलं असंही नाही म्हणता येणार – कुणी विचारलंच नाही. कोण विचारणार? माझ्यासारख्या बाईबद्दल असं काही असेल, हे कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

मी शिक्षिका. बहुतेक वर्षं सातवीचा वर्ग माझ्याकडे असायचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते – आमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. पुढे आठवीला हायस्कूल, ते जवळच्या मोठ्या गावी. म्हणजे सातवी हा गावाचा शेवट. तिथून पोरं एकतर एस.टी.त चढायची किंवा शेतात उतरायची. मुलींच्या बाबतीत तर सातवीच्या परीक्षेनंतरच्या पंधरवड्यात जे ठरायचं ते आयुष्यभराचं.

मी त्या कामात चांगली होते. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण ते खरं आहे. कापूस वेचणीला सुरुवात झाली की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. मी शेताच्या बांधावर जाऊन मुलींना हजर करायची. संध्याकाळी बुडालेला अभ्यास घ्यायची. थंडीत एक दिवस सगळ्या वर्गाला धरणगावला हायस्कूल दाखवायला न्यायची – बाकांवर बसवायची, प्रयोगशाळा दाखवायची, तिथल्या शिपायाशी ओळख करून द्यायची. मोठ्या इमारतीची भीती अर्धं काम बिघडवते, हे मला अनुभवाने कळलं होतं. आणि परीक्षा झाली की घरोघर जाऊन बापांशी बोलायची. पुढे जळगावला बदली झाल्यावर शिक्षक दिनाला माझा सत्कार झाला, तो याच कामासाठी. खेड्यातल्या मुलींना हायस्कूलपर्यंत पोचवणाऱ्या बाई, असं कुणीतरी भाषणात म्हणालं. मी हार घालून घेतला, नारळ घेतला, खाली येऊन बसले.

माझ्या एका वर्गातल्या इंदूची आठवण तेव्हा झाली का? झाली. पण सत्कार परत करावा असं काही वाटलं नाही. चहा आला, तो प्यायले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. धरणगावजवळच्या एका लहान गावात मी होते. सासर धुळ्याचं. नवरा धुळ्यात नोकरीला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. सासूबाईंनी खेड्यात येऊन राहायला साफ नकार दिला होता. आणि माझ्याजवळ सहा महिन्यांचा मुलगा. पिंटू.

रजा संपली तशी मी त्याला घेऊन शाळेत जाऊ लागले. वर्गाच्या कोपऱ्यात, दोन खुंट्यांना दोर बांधून लुगड्याची झोळी टांगली. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बाईंचं पाणी भरणं, बाईंच्या घरी झाडू मारणं, बाईंचं मूल घेणं – ही सातवीच्या मुलींची कामंच समजली जायची. त्यासाठी मुलींमध्ये भांडणं व्हायची. बाईंनी आपल्याला सांगावं, तिला नको. आई-बापांनाही बरं वाटायचं.

हळूहळू ते काम सातवीतल्या एकट्या इंदूकडे आलं. पिंटूला तिची सवय लागली. तिच्या कडेवर तो शांत राहायचा, दुसऱ्या कुणी घेतलं की रडायचा. ती त्याला कडेवर घेऊन फळ्यावर गणित सोडवायची. एका हाताने मूल, एका हातात खडू. काळ-काम-वेगाची उदाहरणं मी पुरती लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. मुलं म्हणायची, "बाई, इंदूले आधीच सांगी ठेवतस तुम्ही." इंदू हसायची आणि पिंटूला म्हणायची, "सांग रे त्यासले, तूच सांगं म्हनीसन."

हायस्कूल पाहायला गेलो तेव्हाही पिंटू तिच्याकडेच होता. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या मांडलेल्या होत्या. तिने एका नळीला बोट लावलं, शिपायाने पाहिलं का ते बघितलं, पुन्हा लावलं. परत येताना एस.टी.त तिने मला विचारलं, त्या खोलीत आठवीपासून जाऊ देतात की नववीपासून? मी म्हणाले, आठवीपासून. ती बोटांवर महिने मोजू लागली. कशाचे, ते मला कळत होतं.

त्या वर्षी सातवीला शेवटपर्यंत टिकलेल्या मुली दोनच. इंदू आणि गावातल्या पिंजाऱ्याची शमीम. दोघी एकमेकींना धरून असायच्या. आमच्याकडे मुलीला एकटीला एस.टी.ने पाठवत नाहीत, सोबत लागते. सोबत असली तर बाप तयार होतो, नसली तर नाही. मुलींना हायस्कूलला पाठवण्याच्या कामातला निम्मा भाग हा जोडी जमवण्याचाच असतो. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मग एप्रिल आला. आणि मी – हे मला नीट सांगायला हवं – मी जूनचा विचार करायला लागले. जूनमध्ये इंदू सकाळच्या गाडीने जाणार, संध्याकाळी येणार. पिंटू तोवर रांगायला लागला होता. जागेपणी झोळीत राहत नव्हता. वर्गात सोडला तर खडू खायचा, दारातून बाहेर जायचा. नव्या सातवीतल्या मुली होत्या, पण त्यांच्याकडे तो राहत नव्हता. म्हातारी बाई ठेवावी तर गावात मोकळी कुणी नव्हती. नोकरी सोडायचा विषय नव्हता. रजा संपली होती. मी हे सगळं स्वयंपाक करताना, वह्या तपासताना मनात फिरवत होते. इंदू घरी राहिली तर? असं वाक्य मी मनातसुद्धा कधी पूर्ण केलं नाही. पण ते होतं.

तुम्ही म्हणाल, असा विचार कुणाच्याही मनात येतो. येत असेल. मी विचाराबद्दल सांगत नाहीये.

एका दुपारी इंदूचे वडील माझ्या खोलीवर आले. गावात त्यांना सगळे आबा म्हणायचे. बोलणं कमी, माणूस सरळ. मी बाज टाकली, ते बसले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, टोपी हातात. आत इंदू पिंटूला झोळीत घालून झोका देत होती. दोराचा आवाज येत होता.

ते म्हणाले, "बाई, पोरनं काय करू ते सांगा. तिनी माय म्हनस नको. मना मनमा शे धाडानं. पण पोर हुशार व्हई तं धाडसू. नही तं उगा कशाले? तुम्ही सांगशात तसं."

इतर बापांना पटवायला मला चार-चार चकरा माराव्या लागायच्या. मी भांडायची, टोमणे मारायची, एकदा तर एकाच्या ओट्यावर जेवायच्या वेळेपर्यंत बसून राहिले होते. आणि हा माणूस स्वतः चालत आला होता. त्याला फक्त एक शब्द हवा होता.

मी म्हणाले, "मुलगी चांगली आहे, आबा. कामसू आहे. पण गणित कच्चं आहे तिचं. हायस्कूलला झेपायचं नाही."

झोक्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

आबांनी मान हलवली. दुसरं काही विचारलं नाही. त्यांना वाईट वाटलं असेल, पण माझ्यावर शंका घेण्याचं त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. मीच पुढे बोलले – हे मला कुणी विचारलं नव्हतं – की घरी बसून तरी काय करेल, दुपारी माझ्याकडे येत जाऊ दे, मी शिवण शिकवीन. पिंटूलाही तिची सवय आहे. ते म्हणाले, "बरं व्हई, बाई." आणि गेले.

इंदू बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "झोपला," म्हणाली. हंडा घेऊन पाण्याला गेली. मी वाट पाहत होते की ती विचारेल. काळ-काम-वेगाचं एखादं उदाहरण माझ्यासमोर आपटेल. ती का विचारेल? बाईंनी सांगितलं म्हणजे तसंच असणार. तिने मला खोटं मानण्याऐवजी स्वतःलाच ढ मानलं. ते तिला सोपं गेलं.

शमीमचं माझ्या लक्षातच नव्हतं. खरंच नव्हतं. मे महिन्यात मी नेहमीसारखी त्यांच्या घरी गेले, तिच्या वडिलांशी बोलायला. कापसाचे तंतू त्यांच्या भुवयांवर बसलेले होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, "इंदू जाती तो भेज देता, बाई. अकेली कू कैसा भेजूं? तुम्हारीच तो बात है ना, जोडी से भेजो." मी म्हणाले, बघा, विचार करा. त्यांनी काही विचार केला नाही. करण्यासारखं काही नव्हतं. तिथून परत येताना मला आबांकडे जाता आलं असतं. त्यांचं घर वाटेवरच होतं. आबा, माझं चुकलं, पुन्हा तपासलं, मुलगी चांगली आहे – एवढं पुरलं असतं. मी सरळ घरी आले. पिंटूला ताप होता. नाही, ते कारण नव्हतं. ताप उतरल्यावरही मी गेले नाही.

पुढची दोन वर्षं मी शाळेत जायची तेव्हा इंदू माझ्या घरात असायची. पिंटू तिच्या हाताखाली चालायला शिकला. शिवण मी तिला थोडंफार शिकवलं. दिवाळीला परकर-पोलक्याचं कापड घेतलं. त्या दोन्ही वर्षी मी सातवीच्या दुसऱ्या मुलींना हायस्कूलला पोचवलं, जोरात पोचवलं. ते प्रायश्चित्त होतं का? नाही. ते माझं काम होतं, आणि ते करायला माझे हात मोकळे होते.

मग माझी बदली झाली. त्याच उन्हाळ्यात इंदूचं लग्न झालं असं कळलं. मी गेले नाही.

ती मला एकदा भेटली. नव्वदीची शेवटची वर्षं. मी एका लग्नाहून परत येत होते, चाळीसगावच्या स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट पाहत बसले होते. एक बाई समोर येऊन उभी राहिली, सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी.

"बाई, वळखं का माले? मी इंदू."

ओळखलं. ती माझ्या शेजारी बसली. आधी पिंटूचं विचारलं. तो अकरावीला सायन्सला आहे म्हटल्यावर इतकी खूश झाली की मला दुसरीकडे पाहावं लागलं. "मना कडेवरना पोऱ्या," मुलीला म्हणाली, "आते देख." सासर इथलंच, चाळीसगावचं, म्हणाली; आबा गेल्याचं सांगितलं. मी शमीमचं विचारलं. तिला तिकडे मालेगावला दिलं, म्हणाली, काही कळत नाही तिचं.

मग मुलीकडे बोट करून म्हणाली, "ही सातवीले शे. तिना बाप म्हनस पुढे धाडू. मी म्हनस, कशाले? गणितमा मनावरच गयी, मायवर. तुम्हीन मना वखतले खरं सांगं ते बरं झायं, बाई. नही तं आबाले उगा तरास व्हता. तसंच हिनं बी सांगा. तुम्ही तोंड देखीसन बोलतस नही, माले माहीत शे."

मी म्हणाले, पाठव तिला, शिकू दे.

"आसं नका," इंदू म्हणाली. "एखादं गणित घाला तिले. देखा."

मी घातलं. अवघड नव्हतं. मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पायांकडे. ओठ हलले, उत्तर आलं नाही. अशी मुलं मी शेकड्याने पाहिली आहेत. उत्तर येत असतं, पण समोरचं माणूस बघून गिळतात. थोडा वेळ दिला, जरा पाठीवर हात ठेवला की सांगतात. मला हे माहीत होतं. हेच तर मला येत होतं.

"दखं?" इंदू हसून म्हणाली. तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. "मनावरच."

तेव्हा एकच वाक्य उपयोगी पडलं असतं – तुझं गणित कच्चं नव्हतं, मी खोटं बोलले. त्याशिवाय बाकी मी काहीही म्हटलं असतं तरी ते तिला गोड बोलणंच वाटलं असतं. आणि ते वाटलंही. कारण मी पुन्हा "शिकू दे गं" एवढंच म्हणाले, आणि तिने मान डोलावली, जशी आपण मोठ्या माणसांसमोर डोलावतो तशी.

गाडी आली नव्हती. अर्धा तास होता. मी तो हवापाण्याच्या गप्पांत घालवला. गाडी लागल्यावर इंदूने माझी पिशवी उचलून आत ठेवली, माझ्या पाया पडली, मुलीलाही पडायला लावलं. मी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. चाळीसगाव लांब नाही, गाड्या दिवसभर असतात. मी गेलेली नाही.