सासऱ्यांच्या विहिरीत जावई पाणबुड्या

नव्याण्णव सालच्या अधिक महिन्यात सासुरवाडीहून धोंड्याच्या जेवणाचं आवतण आलं. सोबत बातमीही होती, की विहिरीतली मोटर दोर तुटून तळाला गेलीय आणि पानमळा वाळायला लागलाय. मी नुकताच लक्षद्वीपला स्कूबा शिकून आलो होतो, सेकंडहँड सामानही घेऊन बसलो होतो. माझे सासरे, आबा, लग्नापासून मला "पुण्याचं पाव्हणं" यापलीकडे काही म्हणाले नव्हते. म्हटलं, मोटर काढायची आणि आबांच्या तोंडून एकदा तरी शाब्बास ऐकायचंच!

स्वारगेटहून सोलापूर रोडची एसटी धरली. कंडक्टर माझ्या सामानातल्या टाकीकडे बघून म्हणाला, "ग्यास न्हाय चालत गाडीत."

"हवा आहे हो नुसती."

"हवा? इंदापुरात मिळत न्हाय व्हय?"

अख्खी गाडी हसली. बायकोने खिडकीबाहेर तोंड केलं.

इंदापूरहून निमगाव केतकीला वडापची जीप मिळते. हाडं खिळखिळी होतात, पण पोचवते. त्या धक्क्यांत माझ्या हवेच्या नळीची वाट लागली. टोकाला दातांत धरायचं रबर असतं, ते आवळणारी पट्टी तुटली. मेहुण्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून करकचून बांधली. तिकडे पाइप फुटो नाहीतर फवारा गळो, औषध हेच. "चालतंय की!" असं म्हणणारा शहाणा मीच.

जेवणात धोंडे, वर तुपाची धार. जावयाने नको म्हणायचं नसतं. परिणामी वजनाचा पट्टा कमरेला पुरेना. (तुम्ही जाणार असाल तर आधी विहीर, मग जेवण.) काठावर निम्मा गाव जमला होता. आबांनी माझ्या कमरेला दोर बांधला.

"आबा, दोर कशाला? शिकलोय मी."

"असू द्या."

खाली गढूळ काळोख. चाचपत मोटर सापडली, तिच्या कडीत दुसरा दोर अडकवला. आनंदाने हसलो आणि रबर तोंडात राहून नळी निसटली! घाबरायचं नाही, श्वास कोंडायचा नाही, नळी शोधायची, असं शिकवलेलं. मी आधी मनसोक्त घाबरून घेतलं. मग नळी सापडली. उघडं टोक ओठांत धरून हवा सोडायचं बटण दाबलं, तर हवेबरोबर अर्धी विहीर घशात. आता मेलो, असं खरंच वाटलं. कमरेचा दोर जिवाच्या आकांताने ओढला आणि तोंडाने आऽऽ करत, हवा सोडत वर निघालो. वर येताना श्वास कोंडला तर फुप्फुसं फाटतात.

डोकं बाहेर आलं तरी माझं आऽऽ चालूच.

"पाव्हणं गातंय का रडतंय?" काठावरून कुणीतरी विचारलं.

मागून मोटर आली, गावाने आरोळी ठोकली. आबा मात्र न बोलता मळ्याकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी निघताना पाया पडलो, तर त्यांचे दोन्ही हात पाठीमागे. आशीर्वादालाही हात उचलेना माणूस!

पुण्यात घरी आल्यावर मी भडकलोच. "गेली ती शाब्बासकी खड्ड्यात, पण एक शब्द तरी?"

बायको पिशव्या रिकाम्या करत होती. "मोटरीचा दोर गावानं धरलेला," ती म्हणाली. "तुमचा एकट्या आबांनी. तुम्ही झटका दिल्यावर दादा मदतीला धावला, तर त्यालाही हात लावू दिला नाही. सालटी निघालीत दोन्ही तळव्यांची. रात्री आईनं भरवलं त्यांना."