पानी हालते, बाई

माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी अकोला-मंगरुळपीर मार्गावर काढली. निवृत्त झाले, पण रस्ता काही त्यांच्या अंगातून गेला नाही. खुर्चीवर बसले तरी उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा थोडा पुढे असायचा.

अकोल्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझं काम चालतं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे बॅनर मी संगणकावर तयार करते आणि छापायला पाठवते. कामासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घेतला होता. माझ्या नवऱ्याने हौसेने त्यावर विमान चालवायचा सिम्युलेटर टाकला, जॉयस्टिक आणली, आठवडाभर खेळला आणि विसरून गेला. तो नाद लागला मामाजींना.

दुपारचं माझं काम आटोपलं की ती खुर्ची त्यांची. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीवरून विमान उचलायचं आणि बरोब्बर आपल्या जुन्या रस्त्यावर आणायचं. बार्शीटाकळी, महान, मंगरुळपीर. इतकं आभाळ मोकळं पडलेलं असताना ते डांबरी रस्ता सोडत नसत. मी हसायचे. ते म्हणायचे, "हसून काहून राहिली वो? रूट म्हंजे रूट." फक्त महान आलं की ते रस्ता सोडत आणि धरणावर दोन-तीन घिरट्या घालत. बस चालवताना धरणाकडे मान वळवून बघायची कधी सोय नव्हती. अकोल्याच्या नळाला येतं ते पाणी याच धरणाचं, पण ते त्यांनी असं निवांत कधी पाहिलंच नव्हतं.

एकदा सिम्युलेटरचं नवीन अपडेट आलं आणि धरणाचं पाणी बिघडलं. विमान खाली आलं की पाण्यावर काळे-पांढरे चौकोन उघडझाप करायचे. काठाकडे तर पाणी टेकडीवर चढलेलं दिसायचं. विमान वर नेलं की सगळं ठीक. मामाजींनी वैतागून मला बघायला बोलावलं. "पानी हालते, बाई. पाय बरं एकडाव."

मला असल्या कामात गोडी आहे. पत्रिकेतल्या गणपतीची सोंड अर्धा मिलिमीटर सरकली तरी मला दिसते. मी इंटरनेटवर शोधलं. एका फोरमवर जगभरातले लोक हीच तक्रार करत होते. कोणी म्हणे साठलेल्या कॅश फाइली उडवा, कोणी म्हणे पाण्यातलं रिफ्लेक्शन बंद करा. मी एकेक करून पाहत होते आणि मामाजी शेजारी स्टुलावर बसून होते. शेवटी मी म्हटलं, "मामाजी, ड्रायव्हर जुना झाला आहे. बदलावा लागते."

"मले म्हनतं का काय?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

ग्राफिक्स कार्डचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकला आणि पाणी सुधारलं. मामाजींनी धरणावर लांबलचक फेरी मारली, मला चहा करायला लावला आणि नवरा घरी आल्यावर त्याला सांगितलं, "तुयी बायको इंजिनेर हाय." त्या कौतुकाने मी फुगले होते, हे मान्य करायला हवं.

म्हणूनच दिवाळीनंतर ते पुन्हा म्हणाले, "पानी हालून राह्यलं," तेव्हा माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी येऊन पाहिलं, तर पाणी स्वच्छ, शांत. म्हटलं, "मले तं नाही दिसून राहिलं."

"आता थांबलं असंन."

मला ते पटलं. आधीचा बिघाडही ठरावीक उंचीवरच दिसायचा. मी पुन्हा कामाला लागले. लाटांचं सेटिंग कमी केलं. रिफ्लेक्शन बंद केलं. सिम्युलेटर काढून नव्याने टाकला. मग वाटलं, स्क्रीनच बाजूने बघताना वेगळी दिसत असेल, म्हणून स्क्रीन त्यांच्या बाजूला तिरपी केली, केबल बदलली. दर वेळी ते खुर्चीत बसत, थोडा वेळ बघत आणि म्हणत, "हो, थोडकं कमी झालं." मला हुरूप यायचा. अजून एखादं सेटिंग राहिलंय, तेवढं सापडलं की झालं, असं वाटायचं.

हिवाळा असाच गेला. मध्येच ते म्हणाले, धरणाच्या मधात काळं दिसतं. मला जुने काळे चौकोन आठवले. पुढे म्हणाले, शिवणीची धावपट्टी वाकडी झाली. ती त्या गेममधल्या नकाशाची चूक असेल, असं मी ठरवून टाकलं. ते विमान उतरवताना धावपट्टीच्या बाजूला जाऊन आदळू लागले, तेव्हा मी जॉयस्टिक तपासली. फोरमवर स्क्रीनचे फोटो टाकले. लोकांनी लिहिलं, तुमच्या फोटोत तर काहीच बिघाड दिसत नाही. त्या लोकांना नीट कळलं नाही, असं मी समजले.

त्यांच्या नजरेची शंका घरात कुणालाच आली नाही. तरुणपणापासून दर काही वर्षांनी डोळ्यांची तपासणी देऊन पास झालेला माणूस. "मायी नजर घारीची हाय," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि आम्हीही ते खरंच मानून चाललो होतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी छापखान्यातून पत्रिकेचा नमुना आला. चारी बाजूंनी दोन बारीक सरळ सोनेरी रेघांची चौकट. मी तो मामाजींना पाहायला दिला. त्यांनी कागद जवळ नेला, लांब धरला. "बाई, छापनाऱ्यानं गडबड केली. रेघ पाय कशी लहरा मारून राह्यली."

मी पट्टी घेतली आणि रेघेवर ठेवली. रेघ सरळ होती.

मी पट्टी तशीच धरून उभी राहिले. कागदाला ग्राफिक्स कार्ड नसतं. मी म्हटलं, "मामाजी, उजवा डोळा झाका बरं हातानं." त्यांनी झाकला. "मी दिसते का?"

ते म्हणाले, "तू हायेस हे समजते. तोंड नाही दिसत."

अमरावती माझं माहेर. तिथे डोळ्याच्या पडद्याचे एक डॉक्टर आहेत हे माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं गाडीने निघालो. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रावर तपासलं, मग चौकटी-चौकटीचा एक कागद हातात देऊन मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. "रेघा कशा दिसतात, बाबा?"

"वाकड्या. अन् मधात काही नाहीच."

डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. डावा डोळा कधीचाच गेला होता. उजव्याने सगळं निभावत होतं म्हणून त्यांनाही कळलं नव्हतं. आता उजव्याच्याही पडद्याला मध्यभागी सूज होती. डोळ्यात इंजेक्शन देऊन ती थांबवता येईल, पण जेवढी नजर गेली ती बहुतेक परत येणार नाही. "सरळ वस्तू वाकडी दिसायला लागली तेव्हाच यायचं होतं," ते म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. "कधीपासून होतं हे?"

मामाजींनी माझ्याकडे तोंड वळवलं. नवऱ्यानेही माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दिवाळीपासून."

परत येताना मामाजी पुढे बसले होते. थेंबांमुळे आणखी धूसर दिसत असेल. नोकरीच्या आधीच्या वर्षांत या रस्त्यावरून त्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील, डोळे मिटून गावं सांगायचे. वाटेत एका ठिकाणी गाडी हळू झाली तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं, "मूर्तिजापूर आलं का रे?" नवरा हो म्हणाला. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत राहिले. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत आम्ही घरी आलो.

मग इंजेक्शनांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सूज उतरली, वाकडेपणा थांबला. मधलं काळं मात्र राहिलं ते राहिलंच. आता ते मान जराशी तिरकी करून कडेच्या नजरेने बघतात. घरात वावरतात, आंघोळ-जेवण स्वतःचं स्वतः करतात, माणूस आवाजावरून ओळखतात. पेपर मी वाचून दाखवते. सिम्युलेटर ते पुन्हा लावा म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. एक दिवस नवऱ्याने जॉयस्टिक माळ्यावर टाकली.

एकदा दुपारी मी पत्रिकेवर काम करत होते आणि ते शेजारी स्टुलावर बसले होते. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "मामाजी, मले समजायला पाहिजे होतं. मी नुसती सेटिंगच करत बसली."

ते म्हणाले, "मीच म्हनलो ना, पानी हालते. डोया हालते म्हनलो असतो तं तू त्याच दिवशी नेलं असतं मले."

"मग 'थोडकं कमी झालं' काहून म्हणत होते तुमी?"

"तू इतकी मेहनत करून राह्यली होती. मले कसंतरी वाटे."

त्यांनी मला मोकळं करायला ते सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून मला ते जास्तच लागून राहिलं. मला वाईट वाटू नये म्हणून ते बरं दिसतंय म्हणत होते, आणि त्या शब्दावर मी अजून चार दिवस केबली बदलत होते. एकमेकांना जपण्यातच तो सगळा हिवाळा गेला. त्यातला एखादा महिना जरी वाचला असता, तरी आज त्यांना माझा चेहरा दिसला असता की नाही, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायचं धाडस होत नाही.

डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद मी फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे. उरलेल्या नजरेत काही फरक पडला तर लगेच कळावं म्हणून रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहायचं, असं ठरलं आहे. मी चहा ठेवते आणि विचारते, "मामाजी, कागद पाहिला का?" ते स्वयंपाकघराकडे यायला निघतात. हल्ली पुष्कळदा दारातूनच, फ्रिजपाशी पोचायच्या आधी, त्यांचं उत्तर येतं, "हो, कालच्या सारखंच हाय." मी गॅस बारीक करते, त्यांचा हात धरून त्यांना कागदासमोर उभं करते आणि म्हणते, पुन्हा सांगा.