बीजगणितात केस अडकले

गेली बावीस वर्षं मी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. कोणता कागद कोणत्या टेबलावर जायचा, एवढं बघणं हेच माझं काम. आणि घरातून पाठवायचा एकुलता एक कागद मी भलत्याच ठिकाणी पाठवला!

आमची सई पंधरा वर्षांची. गेल्या वर्षी आठवीनंतर तिने शाळा सोडली आणि घरीच शिकून दहावीला बसायचं ठरवलं. (तिने कारणं सांगितली आणि आम्हाला ती पटली. आमच्या घरात कोणाचं चालतं, हे यावरून समजा.) हिने, म्हणजे माझ्या बायकोने शिकवायचं आणि मी नोंदी ठेवायच्या, अशी वाटणी झाली. "बाबा, तुम्ही शिकवू नका हं, प्लीज," असं सई म्हणाली होती, पण ते मी मनाला लावून घेतलं नाही.

अडचण नानांची होती. नाना म्हणजे माझे सासरे, सांडोरचे निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "पोरगी कुठल्या विषयात कुठे आहे, ते मला कागदावर दाखवा. रविवारी येतो. नाही पटलं तर जूनपासून शाळा!"

नानांचा शब्द म्हणजे शब्द. हिने वसईतल्या एका शाळेत नववीत जागाही बोलून ठेवली. म्हणजे सईचं अख्खं वर्ष पाण्यात! त्या दिवशी ती ताटावरून अर्धवट उठली.

मग मी पेटलो. फोनवर भरता येईल असा तक्ता केला. रकाने चार: 'काय अडलंय?', 'किती दिवस?', 'कोणी पाहिलं?' आणि 'शेरा'. (जे झालं ते लिहून काय करायचं? अडलेलं लिहावं, अशी आमच्या कचेरीची शिकवण.) फोनच्या पडद्यावर मावावं म्हणून विषयांची नावं छोटी केली. बीजगणित म्हणजे बी, भूमिती म्हणजे भू, इतिहास म्हणजे इ, विज्ञान म्हणजे वि. नानांना शेरे मारता यावेत म्हणून, ज्याच्याकडे लिंक असेल त्याला लिहिता येईल अशी सोयही केली.

लिंक पाठवताना शोधात नुसतं 'ना' टाइप केलं. फोनने 'नाना' आणि 'नाली-गटार तक्रार ग्रुप' असे दोघेही समोर ठेवले, आणि माझ्या अंगठ्याने कोणालाच नाराज केलं नाही.

हा ग्रुप आमच्या नायगावच्या सोसायटीचा. तळमजल्यावर ड्रेनेज तुंबलं होतं आणि तक्रारींसाठी तक्ता पाठवतो, असं सेक्रेटरींनी कबूल केलं होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण मी तो ग्रुप म्यूट केला होता. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. इतक्या उंचीवरून गटाराकडे माणूस जरा अलिप्तपणे बघतो.

रविवारी दहाच्या ठोक्याला नाना आले. एका हातात वाडीतल्या राजेळी केळ्यांचा फणा, दुसऱ्या हातात तक्त्याची छापील प्रत. खिशात लाल पेन!

"सई कुठे आहे?"

"खाली, पार्किंगमध्ये," मी म्हणालो.

"अभ्यासाच्या वेळेला?"

"भूगोल," मी म्हणालो. (पार्किंगही पृथ्वीवरच आहे.)

नानांनी चष्मा लावला, लाल पेन हातात घेतलं. "जावईबापू, बीजगणित. काय अडलंय? 'केस.'"

केस? तक्ता पाठवल्यापासून मी तो उघडलाही नव्हता. पण कचेरीतली सवय कामी आली. "हां, केस! पहिली केस, दुसरी केस... सिद्ध करताना घेतात ना, नाना."

"किती दिवस? 'नऊ.' शेरा, 'घाण वास मारतो.'"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी केळ्यांकडे पाहिलं.

"भूमिती. 'खालून पानी वर येतंय, पाय ठेवायची सोय नाही.' इथे 'ण' चुकलाय."

"घनफळ असणार! टाकीची उदाहरणं असतात त्यात."

"इतिहास. 'वरच्यांची घाण आम्ही किती वर्षं सोसायची?'" नानांनी मान डोलावली. "विचार बरा आहे. भाषा सुधारायला हवी. विज्ञान. 'ॲसिड ओतलं. फेस आला. बाकी काही नाही.'"

"प्रयोग!" मी जवळजवळ ओरडलोच.

नानांनी कागद टीपॉयवर ठेवला. आवाज एकदम खाली आला. "आणि 'कोणी पाहिलं?' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उत्तर. 'कोणीही फिरकलं नाही.' वर्षभर पोर एकटी झगडतेय, आणि घरात दोन-दोन माणसं असून कोणी फिरकत नाही? बस झालं. जूनपासून शाळा."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे, जूचंद्रचे, तळमजल्यावर राहणारे. कोपरापर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर वरात! "सायेब, पोरीने तुमच्या कमाल केली! सगळं पानी उतरलं! नऊ दिवस कोनाला सापडत नव्हतं!"

'पानी' ऐकताच नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागदाकडे पाहिलं, मग म्हात्र्यांकडे. "भूमिती तुम्ही लिहिलीत?"

"कसली भूमिती? मी 'भू'मध्ये लिवलं. भू म्हंजे भुई, तळमजला! बी विंगवाल्यांनी 'बी'त, ई विंगवाल्यांनी 'इ'त, आनि उरलेल्या विंगा सगळ्या 'वि'त. एकदम सोपा तक्ता केला सायबांनी!"

नानांच्या हातातल्या लाल पेनाचं टोपण कधी गळून पडलं, ते त्यांनाही कळलं नाही.

म्हात्र्यांच्या मागून सई आत आली. पाय बरबटलेले, हातात पुठ्ठ्यावर काढलेला नकाशा.

"नाना, हे बघा. बी आणि ई, दोन्हीकडे पाणी फक्त तळमजल्यावर उलटत होतं. वरचे सगळे मोकळे. म्हणजे पाइप मोकळा, दोन्ही लाइनी जिथे एकत्र येतात तिथे बूच! पण ते चेंबर कोणालाच आठवेना. मग दोन्हीकडचे उतार मोजले, नकाशावर त्याच दिशेने रेषा वाढवल्या, त्या पार्किंगमध्ये छेदल्या. गेल्या वर्षी फरशी बसवली ना, तिच्याखाली चेंबर. आत अख्खं गोणपाट!"

"उतार कसा मोजलास?" नानांमधला मुख्याध्यापक जागा झाला.

"पारदर्शक नळीत पाणी भरून. दहा मीटरला किती सेंटिमीटर, ते गुणोत्तर."

"आणि तुझा स्वतःचा अभ्यास?"

"तो वहीत लिहिलाय. तक्त्यात लोक मोऱ्या लिहायला लागले, तेव्हा मला वाटलं बाबांनी प्रोजेक्ट दिलाय!"

नानांनी वही मागितली. अर्धा तास खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज. सई दाराला टेकून उभी, पायाचा चिखल वाळत आला तरी हलली नाही. शेवटी नानांनी लाल पेन खिशात ठेवलं. वहीत एकही खूण केली नव्हती.

"शाळा नको," ते म्हणाले. "पण नोंदी आजपासून सईच ठेवील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रकल्पाची कल्पना मात्र नामी होती, जावईबापू."

"आपला आशीर्वाद," मी नम्रपणे म्हणालो. सईने केळं तोंडात कोंबलं, म्हणून हसू बाहेर आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, शाळेत फोन केला. नववीतली जागा सोडली. बाई फार चांगल्या, म्हणाल्या घरात दुसरं कोणी असेल तर नाव द्या. मी लगेच तुमचं दिलं. पण वय जास्त होतंय म्हणे."