माळ्यावरच्या कुबड्या

भूकंपात माझा डावा पाय गेला तेव्हा मी शाळेत शिकत होते. पुढं नांदेडला एम. ए. करताना अपंग बायकांना घरात सोसाव्या लागणाऱ्या हिंसेचा अभ्यास करायला घेतला आणि मुलाखतीसाठी लातूरला एका बाईंकडं गेले. त्यांचाही एक पाय त्याच भूकंपात गेलेला. डॉक्टर व्हायच्या ध्यासानं लातूर गाठलेल्या मुलींसाठी त्या ट्यूशनच्या गल्लीत मेस चालवायच्या.

मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सासरी मारहाण व्हायची का?"

"हात न्हाई लावला कुणी," कणीक मळता मळता त्या म्हणाल्या. "दीर कुबड्या माळ्यावर टाकायचा. मोरीत कवा जायचं, अंगणात कवा यायचं, समदं त्यो ठरवायचा. नवरा म्हणायचा, तुला तरी कुठं जायचंय?"

वसतिगृहात मुलींनी गंमत म्हणून माझ्या कुबड्या लपवल्या होत्या. अख्खी दुपार मी पलंगावर बसून काढली होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगून टाकलं.

"मग तुला कळंल," त्या म्हणाल्या. "एका बाजाराच्या दिवशी बसल्या बसल्या घसरत निघाले. उंबरा, अंगण, थेट रस्ता. माणसं जमली. दीर जेवणावरून उठून आला, हात खरकटाच. म्हणला, वैनी, लोक बघायलेत, आत चला. म्हणलं, बघू द्या. कुबड्या आणा, मग उठते."

"आणल्या?"

"पळत जाऊन आणल्या. मी उठले अन् तशीच एसटीत बसले."

त्यांना हसू आवरेना. मलाही आवरेना. शेजारी पोळ्या लाटणाऱ्या, मेसमध्ये कामाला असलेल्या मुलीही हसायला लागल्या, तव्यावरची पोळी करपली, तरी कुणी उठेना.

संध्याकाळी त्या मला स्टँडवर सोडायला निघाल्या. त्यांची तीन चाकांची स्कूटर होती. मी मागं बसले, चारही कुबड्या मांडीवर आडव्या. क्लास नुकतेच सुटले होते, गल्लीत सायकलीच सायकली. बाई हॉर्न दाबत, "सरका, सरका गं पोरींनो" ओरडत सुसाट निघाल्या. कुबड्यांची टोकं दोन्हीकडून बाहेर. मुली पुस्तकं छातीशी धरून बाजूला होत होत्या. माझी ओढणी तोंडावर उडत होती. इतक्या वेगानं मी आयुष्यात कुठं गेले नव्हते.

चौकात पोलिसानं अडवलं. आधी कुबड्यांकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"काय हो बाई, पाय किती अन् वेग किती?"

"दोघींचे मिळून दोन हायेत, साहेब," त्या म्हणाल्या. "पुरतात."

पोलीस हसला आणि त्यानं हात दाखवून दुसऱ्या बाजूची गाडी थांबवली. आम्ही पुढं निघालो.

स्टँडवर पोचलो तर नांदेडची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. "आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं? धर घट्ट," म्हणत त्यांनी स्कूटर वळवली आणि आम्ही एसटीच्या मागं लागलो.