सहाणेवर थांबलेली पालखी

दत्ताराम मास्तर गेल्याची बातमी मला शाळेच्या शिपायाने दिली, तीही ऑर्डरसोबत. मी डार्करूममध्ये कुणाच्या तरी लग्नातले फोटो धूत होतो. शिपाई बाहेरूनच ओरडला, "दत्ताराम मास्तर सकाळी गेले. हेडसरांनी सांगितलंय, फोटो मोठा करून पाहिजे. चार वाजता शोकसभा हाय." माझ्या हातातली नवरी तशीच ट्रेमध्ये काळी पडत गेली...

फोटो मोठा करायचा म्हणजे कुठला? दत्ताचा एकट्याचा एकही फोटो नव्हता. शाळेच्या दरवर्षीच्या ग्रुप फोटोत तो असायचा, शेवटच्या रांगेत, अगदी कडेला. मी कापडाआडून ओरडायचो, "मास्तर, आत सरका, नाहीतर तुम्ही फ्रेमच्या बाहेर राहाल." तो म्हणायचा, "तू कॅमेरा सरकव की, फोटोवाल्या. माणसांनीच काय म्हणून सरकायचं?" शेवटी तसाच कडेचा फोटो मोठा केला. त्यात शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांचा अर्धा खांदा आला. शोकसभेत हार त्या खांद्यालाही पोचला.

सभेत हेडसर म्हणाले, "दत्ताराम हा अपवाद होता. ज्या समाजात शिक्षणाविषयी आस्थाच नाही, त्या समाजातून तो वर आला." लोकांनी माना हलवल्या. मी टाळी वाजवणार होतो, पण शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणे.

मी थापाड्या आहे हे अख्ख्या रत्नागिरीला माहीत आहे. दत्ता वर्गात पाढे म्हणायला लागला की मिरकरवाड्यातले मासे जाळ्यातून बाहेर डोकं काढून गुणाकार तपासायचे, हे मीच लोकांना सांगितलंय. फळ्यावर त्याने हाताने काढलेलं वर्तुळ पाहून एका कंपास विकणाऱ्याने दुकान बंद केलं आणि गणपतीपुळ्याला नारळ विकायला बसला, हेही माझंच. पण आता जे सांगणार आहे, त्यात मिठाचा एक दाणाही मी टाकलेला नाही. टाकायला जागाच नव्हती.

दत्ता कुणब्याचा. गाव तिकडे आत, एस.टी. जिथे धापा टाकत थांबते आणि परत फिरते तिथला. वाडीतला पहिला मॅट्रिक, पहिला पदवीधर आणि पहिलाच मास्तर. गणित शिकवता शिकवता त्याने समाजशास्त्रात बाहेरून एम.ए. केलं. मी विचारलं, "गणित पुरत नाही काय तुला?" तर म्हणाला, "गणितात उत्तर चुकलं तर निदान कळतं रे. आमची पोरं नापास का होतात याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे, आणि ते तपासायला कोणी तयार नाही."

ते उत्तर मी स्टाफरूममध्ये चहा पिताना पुष्कळदा ऐकलंय. ब्राह्मणाचं पोर आळशी असलं तर ते 'हुशार आहे पण अभ्यास करत नाही'. दालद्याचं, म्हणजे मुसलमान कोळ्याचं, पोर नापास झालं तर 'बाप दुबईला, त्याला कशाला हवंय शिक्षण?'. आणि कुणब्याचं नापास झालं तर 'शिमगा!' एवढा एकच शब्द. पुढे वाक्यही लागायचं नाही.

एकदा पुण्याहून एक विद्वान प्राध्यापक आले होते. वाचनालयात व्याख्यान झालं. मला फोटो काढायला बोलावलं होतं म्हणून मीही ऐकलं. कोकणातल्या काही जातीजमातींची मुलं शिक्षणात मागे का, याची त्यांनी सुंदर कारणं सांगितली. घरात पुस्तक नाही, घरची बोली वेगळी, बाप मुंबईला, आईबापांच्या आकांक्षा तोकड्या. इतकी व्यवस्थित कारणं, की मलासुद्धा आपण कसे काय पास झालो याचं आश्चर्य वाटायला लागलं. शेवटी दत्ता उठला. "साहेब, सगळी कारणं पोरांच्या घरात सापडली. शाळेत शोधली होती काय?" प्राध्यापक म्हणाले, "फार छान प्रश्न आहे." आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. दत्ताची पुतणी सुशीला नववीत होती. तिची आई गेलेली, बाप मुंबईला, आणि दत्ताने लग्न केलेलं नाही. म्हणजे घरात बाई अशी ही एकटीच. गणितात अशी, की दत्ता तिला घाबरायचा. बापाने मात्र बजावलं होतं, "पास झाली तर शिकव. एकदा जरी नापास झाली, तर वैशाखात उजवून टाकीन."

त्या वर्षी शिमगा उशिरा आला आणि वार्षिक परीक्षेत घुसला. गणिताचा पेपर ज्या दिवशी, त्याच दिवशी सकाळी वाघजाईची पालखी यांच्या घरी यायची. पालखी दारात आली की घरच्या बाईने ओटी भरायची; बाई नसेल तर देवी दारावरून परत जायची. दत्ता हेडसरांकडे गेला. "खेड्यांवरच्या पोरांचा पेपर दोन दिवस पुढे घ्या." हेडसर म्हणाले, "मास्तर, वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. देवदेवस्कीसाठी शाळा थांबायला लागली तर झालंच!"

मग दत्ताने रजा काढली आणि गावी गेला. मीही शिमग्याचे फोटो काढायच्या निमित्ताने बरोबर गेलो. गावकरांसमोर, म्हणजे पालखीच्या मानकऱ्यांसमोर, त्याने मागणी मांडली, की पालखी आमच्याकडे सकाळी नको, पेपर सुटून पोर परत आल्यावर आणा. पालखीची वाट बापजाद्यांपासून ठरलेली. मला वाटलं, आता आमच्या डोक्यात नारळ फुटणार. पण म्हातारा गावकर म्हणाला, "कौल लावूया. आई काय ता सांगंल." देवीला फुलं लावली. उजवं फूल पडलं. म्हातारा हसला, "मास्तर, आई थांबंल. पोरीला सांगा, घाई करू नको, नीट लिव्ह."

ज्या लोकांना शिक्षणाची आस्था नाही म्हणतात ना, त्यांनी पोरीच्या पेपरसाठी देवीची वाट बदलली. पेपरच्या दिवशी पालखी गावच्या सहाणेवर, म्हणजे तिच्या विसाव्याच्या दगडी ओट्यावर, टेकवून ठेवली. ढोल गप्प. मुंबईहून आलेले चाकरमानी विड्या ओढत बसलेले. सुशीलाचा बापही त्यातच. मी तो दिवस पाहू शकलो नाही. मला शहरात एका मुंजीची ऑर्डर होती. पुढचं दत्ताने सांगितलं. दुपारच्या एस.टी.ने सुशीला आली. दप्तर छातीशी धरलेलं. म्हणाली, "काका, शाळेला कुलूप हाय."

कारण गणिताचा पेपर आदल्याच दिवशी होऊन गेला होता. शाळेच्या एका संचालकांच्या मुलाची मुंज होती, अर्धी नववी जेवायला जायची होती, म्हणून पेपर एक दिवस अलीकडे, मधल्या सुट्टीच्या दिवशी घेतला. नोटीस फळ्यावर लावली ती खेड्यांवरची पोरं एस.टी. पकडायला गेल्यावर. दत्ता तेव्हा कौल लावत बसलेला. त्या मुंजीच्या पंगतीचा फोटो मीच काढलाय. नववीचा वर्ग जिलेबी खातोय, आणि हेडसर आग्रह करतायत.

दत्ताने फेरपरीक्षा मागितली. हेडसर म्हणाले, "नोटीस लावली होती." दत्ता म्हणाला, "मग वेळापत्रकाचं काय झालं, सर?" तर म्हणाले, "मास्तर, मुंज हा संस्कार आहे. त्याची आणि तुमच्या त्या नाचण्याची तुलना कशाला?" सुशीलाच्या निकालात गणितापुढे 'गैरहजर' आलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी चहा ढवळत म्हणालं, "शिमगा!" वैशाखात तिचं लग्न झालं. मांडवात दत्ता पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. पाढे म्हणणारा तो आवाज त्या दिवसापासून खाली आला तो आलाच. आता त्या वर्गातला गलबला शाळेसमोरच्या आमच्या स्टुडिओपर्यंत पोचायचा, मास्तर नाही.

दत्ता यंदा माघात गेला. आता शिमग्याला मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. घरात मरण झालेलं, म्हणून पालखी नाचणार नव्हती, नुसती ओटी घेणार होती. सुशीला आली होती ओटी भरायला. सकाळपासून सारवून, नारळ-तांदूळ काढून उंबऱ्याशी बसलेली. पालखी मात्र सहाणेवरच. ऊन चढलं, ढोलकरी पेंगायला लागले. मी म्हाताऱ्या गावकरांना विचारलं, "आता कुणाची वाट बघताय? पोर तर घरीच आहे."

"ह्या घरची पालखी पेपर सुटल्यावर," ते म्हणाले. "मास्तरनं त्या वर्षी सांगितलेलं. सकाळी आणा म्हणून परत सांगाय काय तो आला नाय."

दुपारची एस.टी. वळणावर दिसली. थांबली, धापा टाकून परत फिरली. कोणी उतरलं नाही. मग म्हाताऱ्याने हात जोडले आणि पालखी उचलली.